रुळांकडून दिसणारं स्टेशन

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात ओली हळद दिसायला लागली की आमच्या घरात थंडी सुरू झाली असं धरतात. हवामानखातं काय म्हणतं याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. परवा सकाळी मी पिशवी घेऊन गेलो, तर हळदीच्या शेजारी सुरती पापडी, लसणाची पात, तुरीच्या शेंगा अशी सगळी मंडळी केव्हाची येऊन बसलेली. नेहमीची भाजीवाली म्हणाली, "काका, आ वखते मोडा पड्या." उशीर झाला होता खरा. एरवी मी हळदीच्या आधी मार्केटात हजर असतो. यंदा माझ्या शनिवारच्या वर्गात भूषण आहे, आणि त्यामुळे थंडीचं कौतुक करायची माझी इच्छाच मेली आहे.

भूषण कोण ते सांगतो, पण आधी वर्गाबद्दल सांगायला हवं.

मी आर्किटेक्ट. बंगले फार थोडे केले. बस डेपो, स्टेशनं, त्यांची छपरं, जिने, मुताऱ्या यांतच जन्म गेला. लग्नकार्यात कोणी विचारतं, "तुम्ही काय काय बांधलंत?" तेव्हा मी म्हणतो, "तुम्ही सकाळी गाडीतून उतरून ज्या जिन्यावर धापा टाकल्यात, तो." मग माणूस वाढप्याकडे वळतो. एका शाळेने एकदा मला अकरावी-बारावीच्या मुलांसमोर भाषण द्यायला बोलावलं. विषय अर्थात करिअर. भाषण दिलं की मुलं टाळ्या वाजवतात आणि शिकवणीला निघून जातात, हे मला ठाऊक होतं. मी मुख्याध्यापिकांना म्हटलं, भाषण राहू द्या, थंडीभर दर शनिवारी दुपारी मुलं माझ्या घरी पाठवा, आपण एक स्टेशन करू. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

अकोटा भागात आमच्या घराखाली पार्किंग आहे. गाडी बाहेर उन्हात काढली की तिथे दोन लांब टेबलं मावतात. पुठ्ठे, कात्र्या, पट्ट्या, डिंकाची भांडी, आणि वरून चहाची किटली. माझी बायको शैला दर थंडीत म्हणते, "यंदा शेवटचं हं." आणि दर शनिवारी दुपारी तिचं पोह्यांचं पातेलं जिन्यातून खाली येतं.

पहिल्या शनिवारी मी कागद देतच नाही. मुलांना थेट स्टेशनात नेतो. प्रत्येकाच्या एका हातात पाण्याचा भरलेला कॅन, दुसऱ्या हातात दुसऱ्या मुलाचं मनगट. मनगट सोडायचं नाही, कारण लहान पोर बरोबर असलेली बाई स्टेशनात अशीच चालते. असं पुलावरून पलीकडच्या फलाटावर जायचं आणि परत यायचं. अकरा-बारा वर्षांपूर्वीच्या थंडीत पार्थ नावाचा एक गुबगुबीत मुलगा अर्ध्या पुलावर बसकण मारून ओरडला होता, "सर, आटलु बधु चालवानु?" एवढं सगळं चालायचं? मी म्हटलं, "हाच तुझा पहिला धडा. घरी जाऊन लिही." पुढे हाच पार्थ स्टेशनातल्या भोंग्यांवर फिदा झाला. घोषणा ऐकू का येत नाही, छप्पर पत्र्याचं असलं की आवाजाचं काय होतं, हेच त्याचं चालू. आज तो मोठमोठ्या सभागृहांच्या आवाजाचं काम करतो. मुलांच्या घरच्यांना डॉक्टर आणि इंजिनिअर एवढी दोनच माणसं माहीत असतात. एक स्टेशन उभं करायला माती तपासणारा लागतो, सळ्या बांधणारा लागतो, कुठे दिवा आणि कुठे अंधार हे ठरवणारा लागतो, पाट्यांची अक्षरं लांबून वाचता येतील अशी काढणारा लागतो. हे ऐकल्यावर एखाद्या मुलाचा चेहरा उजळतो ना, त्यासाठी मी गाडी उन्हात काढतो.

दुसऱ्या शनिवारी कागद देतो. पहिलं काम सोपं असतं: स्टेशन समोरून कसं दिसेल ते काढा. त्या वर्षीही सगळ्यांनी काढलं. कमान, कमानीवर घड्याळ, पुढे रिक्षा, रिक्षांपुढे पार्किंग. एकाने फलाटापेक्षा नाश्त्याची गल्ली मोठी काढली होती. बडोद्याचाच तो, मी त्याला काही बोललो नाही. टेबलाच्या टोकाला एक मुलगी बसली होती, पूनम. बारावीतली, दोन वेण्या, बोटं शाईने माखलेली. तिच्या कागदावर कमान नव्हती, घड्याळ नव्हतं. लांबलचक फलाट, त्याच्यावर छपराची किनार, खांबांची रांग, आणि खाली सगळ्यात पुढे रूळ.

मी म्हटलं, "अगं, मी समोरची बाजू सांगितली होती. ही मागची झाली."

ती गोंधळली. कागद फिरवून पाहिला आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, "सर, आमच्याकडून तो हेच समोर आहे ने."

तिचे वडील रेल्वेत ट्रॅकमन होते. खानदेशातून नोकरीसाठी आलेले, रुळांच्या कडेने चालत रूळ तपासायचे, खडी सारखी करायची, हे त्यांचं काम. घर रेल्वे कॉलनीत, रुळांच्या पलीकडे. लहानपणापासून ती वडिलांना डबा द्यायला निघायची ती कुंपणाच्या फटीतून, रुळांच्या बाजूने. रस्त्याकडून स्टेशन कसं दिसतं हे तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी इतकी वर्षं स्टेशनं काढली, आणि प्रत्येक वेळी आधी रस्त्याच्या बाजूला उभा राहिलो. त्या दुपारी मी तिचा कागद भिंतीवर लावला आणि मुलांना म्हटलं, यंदाचं स्टेशन हे. पार्थने हरकत घेतली, "पण सर, मग आपली कमान?" त्याच्या कमानीला मागच्या बाजूला जागा मिळाली.

ती थंडी मला अजून वासासकट आठवते. गल्लीच्या तोंडाशी पतंगाच्या दोरीला मांजा पाजणारे बसलेले असायचे. दोन खांबांमध्ये दोऱ्याच्या रांगा ताणलेल्या, आणि चिंध्या गुंडाळलेल्या बोटांनी गुलाबी लगदा त्यांच्यावरून फिरवत माणसं पुढे-मागे चालत असायची. त्या लगद्याचा ओलसर वास आणि आमच्या डिंकाचा वास एक व्हायचा. पार्किंगमध्ये मधूनच कापलेला पतंग उतरायचा. सगळी पोरं कात्र्या टाकून पळायची. पूनम जागची हलायची नाही. ती पुठ्ठ्यावर वाकलेली असायची आणि जीभ दातांत धरलेली. काम बिनसलं की स्वतःलाच गुजरातीत शिव्या द्यायची, जमलं की मराठीत म्हणायची, "झालं बाई एकदाचं." तिची कात्री चालायला लागली की मी बोलणं थांबवायचो. आयुष्यात मी चांगले हात पुष्कळ पाहिले. पण जागा पाहिल्याबरोबर तिथे कोण उभं राहणार, कोण बसणार, कोणाला ऊन लागणार हे जिला आधी दिसतं, अशी मुलगी ती एकच. तिने आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला होता. मी आणि शैला जेवताना तिच्याबद्दल बोलायचो. आम्हाला मूल नाही, हेही इथे सांगून टाकतो.

फलाटाच्या टोकाला तिने एक खोली केली होती. खोली कसली, काडेपेटीएवढं खोकं. आत बाक, हात धुवायला नळ, अवजारं टांगायला खुंट्या. एका शनिवारी तिचे वडील तिला न्यायला आले. केशरी जाकीट, पायात जाड बूट. फाटकाबाहेरच उभे. मी म्हटलं, "आत या हो, तुमच्या मुलीचं काम बघा."

"बूट मळके आहेत साहेब."

"पार्किंग आहे. गाडीचे टायर काय पुसून आत घेतो आम्ही?"

ते हसत आत आले. मॉडेलभोवती हात मागे बांधून फिरले, जशी माणसं देवळात फिरतात. मग त्या खोलीशी वाकले. "हे काय गं?"

"तुमच्यासाठी आहे, बाबा. रुळांवरच्या गँगच्या लोकांसाठी. डबा खायला."

त्यांनी बोटाने एक खुंटी चाचपली. मग म्हणाले, "आम्हाले कोण बसवतंय इथं."

"मी बसवीन ने," पूनम म्हणाली.

मी त्यांना शाळेतल्या प्रदर्शनाला यायचं आमंत्रण दिलं. ते उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर होतं. त्यांनी मान हलवली. "थंडी आहे तवर जमायचं नाही साहेब. गारठ्याने रूळ आकसतात, तडा जातो. आमची गस्त वाढते या दिवसांत." निघताना त्यांनी पूनमचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. केशरी जाकिटावर ते शाळेचं दप्तर, दप्तराला लोंबणारा टेडी बेअर. ती पुढे वाद घालत चाललेली, ते मागे हो-हो करत. त्या माणसाची मला दिसलेली शेवटची गोष्ट ही.

उत्तरायणाच्या आधी थोडे दिवस, गस्तीवर असताना, ते गाडीखाली गेले. एका रुळावरून गाडी येत होती म्हणून ते बाजूच्या रुळावर सरकले, आणि तिथून दुसरी आली. धुकं होतं म्हणे. सकाळी पार्थचा फोन आला. त्याला नीट सांगताच येईना. आधी गुजरातीत, मग हिंदीत, मग नुसतं "सर, पूनमच्या पप्पांना..." एवढंच.

उत्तरायणाच्या दिवशी मी आणि शैला कॉलनीत गेलो. जायला तो दिवस वाईट होता, पण घरी बसवेना. सगळं बडोदं गच्च्यांवर. प्रत्येक गच्चीवर कर्णे, तिळाच्या चिक्क्या, गॉगल लावलेल्या आत्या-मावश्या, आणि पतंग कापला की "काप्यो छे!"चा गजर. त्या सगळ्या आरडाओरड्याखालून आम्ही क्वार्टरच्या दारात गेलो. आत बायका बसलेल्या. पूनमची आई भिंतीला टेकून, डोळे मिटून. पूनम पाणी आणायला उठली, आणि तिला पाहून शैलाचाच बांध फुटला. पूनमचा धाकटा भाऊ भूषण तेव्हा बालवाडीत होता. त्याला रडारडीत कशाला ठेवायचं म्हणून शेजाऱ्यांनी आपल्या गच्चीवर नेलं होतं. मध्येच वरून त्याचा आवाज आला. इतक्या आवाजांतून तो एक आवाज अगदी ओळखू येत होता. खच्चून, आनंदाने ओरडत होता, "काप्यो छेऽऽ!" त्याच्या आईने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ओरडू द्या त्याला. आज ओरडू द्या."

त्या वर्षापासून मी उत्तरायणाला गच्चीवर जात नाही. शेजारी बोलावतात, मी गुडघ्याचं कारण सांगतो.

प्रदर्शनात मॉडेलपाशी पूनम नव्हती. पार्थ उभा राहिला. पाहुणे येत, त्याच्या पाठीवर थाप मारत, आणि तो प्रत्येकाला सांगत होता, "मी नाही, पूनम. हे पूनमने केलंय." कमान आपली आहे हे त्याने एकालाही सांगितलं नाही.

मी मनाशी धरून चाललो होतो की मुलगी बोर्डाची परीक्षा देईल, प्रवेशपरीक्षा देईल, आणि गाडी पुन्हा मार्गी लागेल. बोर्डाची तिने दिली, चांगली पासही झाली. पण माणूस कामावर असताना वारला की त्याच्या घरातल्या एकाला नोकरी मिळते, आणि ती कोणी घ्यायची याचा खल त्या क्वार्टरमध्ये चालू झाला होता. तिची आई म्हणाली, "मी करते, पोरीला शिकू द्या." ती माउली खरंच तपासणीला गेली. डोळ्यांत नापास झाली. नोकरी घेतली नाही तर क्वार्टर सोडावं लागणार. भूषण मोठा होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर तोवर राहायचं कुठे, खायचं काय? गावाहून आलेले काका म्हणाले, पूनमला अठरा पूर्ण झाली आहेत, मग अडलंय कुठे?

ते सांगायला पूनम एकटीच आली. उन्हाळा लागला होता, वर्ग बंद झालेला, पार्किंगमध्ये गाडी परत आलेली. ती गाडीशेजारी उभी राहूनच बोलली. "सर, मी बाबांच्या जागी लागते आहे. तिकिटाच्या खिडकीवर. बारावी पास चालते तिथे."

मी खूप बोललो. म्हटलं इथे ये, आमच्या घरी राहा, कॉलेजचं मी बघतो. आईला आणि भूषणलाही आण. शैला जिन्यात उभी होती, तीही हो म्हणाली. पूनमने सगळं ऐकून घेतलं. "सर, आई नाही यायची कोणाच्या घरी," ती म्हणाली. "आणि तुम्ही वाईट वाटून नका घेऊ. स्टेशनातच आहे ने मी." हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. मला ते आजपर्यंत बरं वाटलेलं नाही.

या दुःखाचं वाईट हे की रागवायला कोणी सापडत नाही. काका चुकीचं बोलले नव्हते. आईने आपल्या परीने सगळं केलं. नोकरी तर उपकारच होती, तिच्यावर ते घर उभं राहिलं. सगळी माणसं चांगली वागली आणि एक मुलगी हातातून गेली. कोणी दुष्ट असता तर मी निदान त्याला रात्रंदिवस शिव्या घातल्या असत्या.

मधल्या वर्षांत वर्ग चालू राहिला. गावात आता नव्या वेगवान रेल्वेसाठी उंच खांब उभे राहिलेत. मुलं त्यांच्याकडे माना वर करून बघतात आणि मला काय काय विचारतात. पूनम बडोद्याजवळच्या एका लहान स्टेशनात खिडकीवर बसते. मी एकदा मुद्दाम तिथे जाऊन तिकीट काढलं. तिने हसून दिलं, खुशाली विचारली. मागे रांग होती, मी बाजूला झालो. त्या गावात माझं काहीच काम नव्हतं, म्हणून पुढच्या गाडीने परत आलो.

यंदा थंडीच्या सुरुवातीला स्कूटीवरून ती घरी आली. मागे भूषण. अकरावीत गेलेला, ताईपेक्षा उंच, केसांचा तुरा. "सर, ह्याला शिकवा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी एवढा मोकळा ऐकला नव्हता. "ह्याला सगळं बराबर शिकवा. कॉलेजचं मी बघेन. ह्याला कुठेच थांबायला लागणार नाही."

भूषण गुणी मुलगा आहे. वेळेवर येतो, सांगितलेलं करतो, रेघ सरळ मारतो. पण पुठ्ठा हातात घेतला की त्याचा चेहरा दंतवैद्याकडे बसल्यासारखा होतो. तिसऱ्या शनिवारी सगळे गेल्यावर तो टेबलं उचलायला थांबला. शैला वरून ओरडली, पोहे लागले वाटतं खाली. हा धावत वर गेला, गॅस बारीक केला, पोहे वरच्यावर दुसऱ्या भांड्यात काढले, लिंबू पिळलं, आणि परत येऊन मला म्हणाला, "सर, एक सांगू? मला ह्यात मजा येत नाही. मला स्वयंपाक शिकायचाय. मोठ्या हॉटेलात करतात तो. ताईची ड्यूटी असते, आईला दिसत नाही, तर घरी लहानपणापासून मीच करतो. मला येतो. आवडतो." मग घाबरून, "ताईला नका सांगू. मी सांगेन. पछी, नंतर सांगेन." मी त्याला म्हटलं, तुला जे येतं तेच कर, आणि ताईला तूच सांग, पण लवकर सांग. त्या दिवसाचे पोहे, खरं सांगतो, शैलाच्या हातचे वाटत नव्हते. फारच छान होते.

मागच्या आठवड्यातल्या शनिवारी पूनम त्याला न्यायला आली. तो वर कप धुवायला गेला होता. पार्किंगमध्ये आम्ही दोघंच. तिने टेबलावरून हात फिरवला, डिंकाचा सुकलेला पापुद्रा नखाने काढला.

"जमतंय ने सर, ह्याला?"

मी म्हटलं, "हात चांगला आहे त्याचा." ते खोटं नव्हतं.

तिने पापुद्रा बोटांत चुरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, खिडकीत बसले की कधी कधी असं वाटायचं, माझं सगळं वाया गेलं. कोणाला बोलले नाही मी. पण आता हा करेल ने. म्हणजे वाया नाही ने गेलं?"

आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं.

माझ्या डोळ्यांसमोर माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी उभी होती. तिशीच्या आत केस पिकायला लागलेले. मला तिला मिठीत घेऊन मोठ्याने रडायचं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "काही वाया गेलं नाही."

ती हसली. जिन्यात आवाज झाला म्हणून मी वर पाहिलं. मधल्या पायरीवर भूषण उभा होता, हातात ओले कप. किती वेळ उभा होता कोण जाणे.

काल शनिवार होता. तो सगळ्यांच्या आधी आला. एरवीसारखं वर जाऊन शैलाला विचारलं नाही, काय करताय म्हणून. टेबलाशी बसला, पट्टी समोर ठेवली, कागदाची चारही टोकं चिकटवली.

"सर," तो म्हणाला, "मला नीट शिकवा."

मी त्याच्या पेन्सिलीला टोक काढलं आणि ती त्याच्या हातात दिली.